तितिक्षा, अर्थात मनाचा घट्टपणा

॥ राम कृष्ण हरि ॥

गेल्या माघ महिन्यात पनवेलजवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. कीर्तन झाले, आरती झाली, माणसे पंगतीकडे वळली. आम्ही फेटा सोडून जरा टेकलो होतो, तेवढ्यात पंचविशीचा एक तरुण पुढे आला, पायांवर डोके ठेवले आणि तसाच उभा राहिला. "काय रे बाबा?" म्हटलं. तो म्हणाला, "बुवा, मन घट्ट कसं करायचं?"

मुलगा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. गळ्यात माळ. सहा महिन्यांपासून तो पहाटे तीनला उठतो, गार पाण्याने आंघोळ करतो, जमिनीवर झोपतो, एकादशी निर्जळी करतो. चहा सोडला, पायातली वहाण सोडली. हे सारे सांगून तो म्हणाला, "एवढं करतो बुवा, पण साहेब एक शब्द वाकडा बोलला की आठ दिवस डोक्यातून जात नाही. परवा त्याच रागात घरी आलो आणि धाकट्या भावाला मारलं. मग रात्रभर रडलो. अजून काय सोडू, ते सांगा."

आम्ही दमलो होतो. पुढच्या गावी जायचे होते, मोटार उभी होती. "नामस्मरण वाढव, सगळं ठीक होईल," असे बोलून आम्ही निघालो. बोललो ते खोटे नव्हते, पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. घसा कोरडा पडलेल्या माणसाला 'पाऊस चांगला होवो' असा आशीर्वाद द्यावा, तसे झाले. ती टोचणी मनातून जाईना. म्हणून आज ते राहिलेले देणे या पानांतून फेडण्याचा प्रयत्न करतो. प्रश्न त्या एकट्याचा नाही, आपणा सर्वांचाच आहे.

तितिक्षा शब्दाचा विचार

आमचे लहानपण घाटावरच्या एका पाठशाळेत गेले. वेदान्ताचा पाठ सुरू झाला तेव्हा गुरुजींनी प्रथम साधनचतुष्टय पाठ करून घेतले. विवेक, वैराग्य, शमादि षट्क आणि मुमुक्षुत्व. त्या षट्कात शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा, समाधान अशी सहा साधने येतात. त्यातली तितिक्षा म्हणजे सोसण्याची शक्ती. त्या तरुणाने ज्याला 'मन घट्ट करणे' म्हटले, त्याला शास्त्राने दिलेले हे जुने नाव.

शब्द मोठा सुंदर आहे. त्याचे मूळ तिज् या धातूत. तिज् म्हणजे धार लावणे. तेज आणि तीक्ष्ण हे शब्दही त्याच कुळातले. क्षमा करणे, सोसणे या अर्थी त्या धातूला सन् प्रत्यय लागतो, असे पाणिनीने सांगितले आहे. आम्ही पोरे नुसती रूपे घोकत होतो. गुरुजींनी विचारले, "धार लावणे आणि सोसणे यांचा काय संबंध रे?" कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी कोपऱ्यातला विळा आणायला लावला आणि दगडावर पाणी टाकून आमच्यासमोर धार लावून दाखवली. म्हणाले, "बघा, घासावं तर लागतंच. पण धार येते ती पात्याचा कोन राखल्यानं. कोन सोडून नुसतं घासत बसलात, तर लोखंड झिजेल आणि विळा बोथटचा बोथट राहील."

वाचकहो, आजचा आमचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे, असे समजा. कष्ट म्हणजे दगड, मन म्हणजे पाते. कोन कोणता, एवढेच शोधायचे आहे.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण सांगितले आहे. त्याचे तीन भाग पडतात. पहिला, जे दुःख येईल ते सोसणे. दुसरा, त्याचा प्रतिकार म्हणून उलट वार न करणे. तिसरा, मनात चिंता न करणे आणि तोंडाने विलाप न करणे. तिन्ही भाग एकत्र असतील तेव्हाच तिला तितिक्षा म्हणायचे. आता हा गज घेऊन आपण त्या तरुणाला मोजू, आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही मोजू. गार पाणी त्याने सोसले, भूक सोसली, म्हणजे पहिला भाग त्याच्यापाशी भरपूर आहे. पण साहेबाचा शब्द आठ दिवस मनात घोळला, तो तिसरा भाग गेला. भावावर हात उचलला, तो दुसरा गेला. सोसणे मोठे आणि तितिक्षा थोडी, असे त्याचे झाले. आणखी काही सोडून ही तूट भरून निघणार नाही.

पाठशाळेतलीच एक गोष्ट सांगतो. पौष महिन्यात नदीचे पाणी अंगाला चावत असे. आम्ही भल्या पहाटे सर्वांच्या आधी नदीवर जाऊन बुडी मारून येत असू आणि परत आल्यावर जो भेटेल त्याला सांगत असू. चार दिवसांनी गुरुजींनी जवळ बोलावून विचारले, "थंडी सोसलीस, चांगलं केलंस. किती जणांना सांगितलंस?" आम्ही बोटे मोजू लागलो. गुरुजी हसले आणि म्हणाले, "मग आता न सांगता सोसून बघ. ते पाण्यापेक्षा गार लागेल." खरेच सांगतो, न सांगता सोसणे पहिल्यापेक्षा कितीतरी जड गेले.

कष्ट घ्यायचेच नाहीत काय?

येथे कोणी शंका घेईल की बुवा सुखासीनतेची वकिली करू लागले. ज्याने देह कधी झिजवला नाही, ज्याला दोन घटका भूक सोसवत नाही, त्याचे मन कसले घट्ट होणार? शंका रास्त आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे तप आहे, वाणीचे आहे आणि मनाचेही आहे. देहाला वळण लावल्यावाचून पुढच्या पायऱ्या लागत नाहीत. पण त्याच अध्यायात त्या आधी भगवंतांनी इशारा दिलेला आहे. शास्त्राला सोडून, दंभ आणि अहंकार यांच्या जोरावर जे देहाला पीडा देतात, ते देहात राहणाऱ्या परमात्म्यालाच पीडा देतात, आणि त्यांचा निश्चय आसुरी जाणावा, असा त्या वचनाचा भाव आहे. सहाव्या अध्यायात तर खाणे, झोपणे, जागणे, काम करणे या सर्वांत युक्तपणा हवा असे स्पष्टच सांगितले आहे. अति उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति खाणाऱ्यालाही साधत नाही.

म्हणजे कष्ट घ्यावेत, पण मापाने. हे माप ठरवायचे कसे, ते समजण्यासाठी आमच्या पनवेलच्या शेजारीच एक मोठे उदाहरण आहे.

पनवेलहून गागोद्यापर्यंत

पनवेलहून पेणच्या रस्त्याने निघाले की प्रथम शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. त्या धैर्याला हात जोडून पुढे जाऊ, कारण आमचा आजचा विषय घरातल्या घरात, रोजच्या दिवशी लागणाऱ्या धैर्याचा आहे. शिरढोणनंतर कर्नाळ्याचा सुळका दिसतो, पुढे पेण येते आणि पेण तालुक्यातच गागोदे हे लहानसे गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते.

विनोबांनी आपल्या आठवणी पुष्कळ ठिकाणी सांगितल्या आहेत. त्यांतील एक आधी चुकीची सांगतो, कारण थोरांची चूक आपल्याला फार उपयोगी पडते. बडोद्यास शिकत असताना त्यांनी ब्रह्मचाऱ्याचे नियम वाचले. गादीवर झोपू नये, छत्री वापरू नये, जोडा घालू नये. मनाचा निश्चय असा की वाचले ते त्याच दिवसापासून लागू. गादी आणि छत्री गेल्याने काही बिघडले नाही. पण भर उन्हात बडोद्याच्या तापलेल्या रस्त्यांवरून तासन्‌तास अनवाणी चालल्याने डोळ्यांना अपाय झाला, असे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले. तो नियम आश्रमात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असावा, शहराच्या रस्त्यासाठी नव्हे, असा उलगडाही त्यांनीच केला. पाहा, निश्चय होता, कष्ट होते, हेतू शुद्ध होता. कोन मात्र चुकला आणि दगडाने पाते खाल्ले.

आता बरोबर असलेली आठवण ऐका. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई मोठ्या भाविक होत्या. एकदा त्यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे तांदूळ घेऊन एकेक दाणा मोजून त्या वाहत. वडील हिशेबी आणि शास्त्रीय बुद्धीचे. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ घेऊन त्यात दाणे किती ते मोज, त्या हिशेबाने लाखाचे वजन काढ, कमी पडू नयेत म्हणून अर्धा तोळा जास्त घाल, झालं. आईला यावर उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलगा म्हणाला की हा हिशेबाचा प्रश्न नाही, भक्तीचा आहे. एकेक दाणा मोजताना चित्त देवापाशी राहते, म्हणून मोजूनच वाहायचे.

माउली, येथे जरा थांबा. लाख दाणे मोजण्यात देहाला कष्ट कितीसे? न उपास, न जागर, न थंडी. मांडी घालून बसायचे आणि मोजायचे. पण मोजून पाहा म्हणजे कळेल! पन्नास दाणे झाले की मन चुलीवरच्या दुधाकडे धावते. शंभर झाले की शेजारणीचे बोलणे आठवते. मध्येच आकडा चुकतो. कोणी बघत नाही, शाबासकी देणारे कोणी नाही, आणि वजनाने घातले असते तरी कोणाला कळले नसते. अशा वेळी पुन्हा पहिल्या दाण्यावर येणे, हे जे परत येणे आहे ना, तेच मनाला घट्ट करते. मन पळाले आणि धरून आणले, पुन्हा पळाले आणि पुन्हा आणले. गीतेत अर्जुनाने मन वाऱ्यासारखे अनावर आहे अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. त्यांतील अभ्यास तो हाच. तांदूळ देवाला पोचतात आणि परत येण्याची सवय आपल्यापाशी उरते.

याच आईने मुलाला दुसरे एक वळण लावले होते. सकाळी खायला मागितले की ती विचारी, तुळशीला पाणी घातलेस का? घातले नसेल तर आधी पाणी, मग खाणे. ना मार, ना रागावणे. पोटातली भूक आणि हातातला तांब्या यांच्यामध्ये दोन पळांचे अंतर तिने ठेवले होते. ते अंतर ज्याला राखता आले, त्याला पुढे शब्द कानावर पडणे आणि हात उठणे यांच्यामध्येही अंतर राखता येते. त्या तळोज्याच्या मुलाला हेच दोन पळांचे अंतर हवे आहे.

याचे फळ काय आले, ते इतिहासात नमूद आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत ओळीने अठरा रविवार त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. एकही रविवार चुकला नाही. तीच आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने'. पुढे वेलोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडील भाषांचा अभ्यास केला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते आणि पोटाचे जुने दुखणे होते. त्यानंतर १९६४ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, ते पायी चालत राहिले. रोज पहाटे उठायचे आणि पुढच्या गावी जायचे. लोक म्हणतात केवढे हे कष्ट! आम्हाला मात्र त्यात लाख दाणे मोजणारा हात दिसतो. रोज एक गाव, जसा एक दाणा.

न मागता आलेले कष्ट

आतापर्यंत आपण आपण होऊन घेतलेल्या कष्टांचा विचार केला. पण संसारात बहुतेक कष्ट न विचारताच येतात. त्यांचे काय?

आपल्या तुकोबारायांचे चरित्र डोळ्यांसमोर आणा. इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. आईवडील आधीच गेलेले. व्यापार बुडाला, लोकांत पत गेली, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला. पुष्कळ जण येथे एक चुकीचा निष्कर्ष काढतात की दुष्काळाने तुकोबांना संत केले. दुष्काळात तर गावेच्या गावे उजाड झाली! दुष्काळाने संत घडत असते तर त्या साली देशात लाखो संत झाले असते. दुष्काळाने माणसे मारली, जनावरे मारली, कित्येकांची माणुसकी मारली. दुःखाच्या अंगी तारण्याचे सामर्थ्य असते, असे आम्ही मानत नाही. म्हणून कोणाच्या घरी आकांत झाला असता 'देव तुझी परीक्षा पाहतो आहे' असे सांगत जाऊ नये. जवळ बसावे, भाकरी न्यावी, हात धरावा.

मग तुकोबांनी केले काय? परंपरा सांगते की त्यांनी पूर्वजांचे पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करायला घेतले. माती कालवली, भिंत घातली. मग संतांची वचने विश्वासाने पाठ केली, कीर्तनकाराच्या मागे उभे राहून धृपद धरले. वडिलोपार्जित कर्जखतांपैकी भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडविला, म्हणजे ज्यांनी आपले पैसे बुडविले होते त्यांच्यावर उलट वार करण्याचे साधनच हातातून टाकून दिले. आता तितिक्षेचे तीन भाग पुन्हा आठवा. दुःख सोसले, प्रतिकार सोडला, आणि विलापाच्या जागी हाताला काम व मुखाला पाठांतर दिले. आकाश कोसळले होते तेव्हा ते एक भिंत बांधत होते. पाहिलेत? येथेही नियम लहानच आहे, कोणालाही करता येण्याजोगा आहे.

वारी ही पाठशाळा

आपल्या संप्रदायाने हे शास्त्र पोथीत ठेवले नाही, पायांत ठेवले. आमच्या कोकणात आषाढात भाताची लावणी असते, चिखल सोडून जाता येत नाही. म्हणून आमच्याकडचे पुष्कळ शेतकरी कापणी उरकून कार्तिकात आळंदीची वाट धरतात. पनवेलहून खोपोली, तेथून बोरघाट चढून खंडाळा, आणि मग देशावरची सपाटी. घाटात पोटऱ्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो, पहाटे धुके अंगात शिरते. पण वारीतला खरा अभ्यास फोडाचा नाहीच. आपल्याला भरभर चालायचे असते आणि दिंडी हळू चालते. आपल्याला बसायचे असते आणि दिंडी उठते. शेजारचा बेसूर गातो. पंगतीत आपल्यापर्यंत येईतो भाजी संपते. आणि याच माणसांना माउली म्हणून वाकून नमस्कार करायचा असतो! गार पाण्याची आंघोळ एकट्याने करता येते, हा अभ्यास एकट्याने होत नाही.

सप्ताहातला विणेकरी पाहा. सात दिवस, अष्टौप्रहर, वीणा जमिनीवर ठेवायची नाही. एका गळ्यातून निघाली की दुसऱ्या गळ्यात. रात्री दोनच्या पहाऱ्याला मंडपात चार माणसेही नसतात, बाहेर कुत्री भुंकत असतात, डोळे मिटू लागतात, पण तो उभा असतो. त्याला कोणी शूर म्हणत नाही. तरी आमचे मत असे की ज्याने एका सप्ताहात रात्री दोनचा पहारा इमानाने केला, त्याला साहेबाच्या एका शब्दापुढे उभे राहण्याचे बळ येऊ लागते. पण पहारा 'आपला' झाला पाहिजे, नुसता पाळीने आलेला नव्हे. हा भेद आम्हाला फार उशिरा कळला. तो कसा, ते आता सांगतो.

आमची पत कशी उघडी पडली

२०२० साली करोनाची साथ आली. देवळे बंद झाली, सप्ताह बंद, कीर्तने बंद. त्या वर्षी आषाढीला पायी वारी निघाली नाही, संतांच्या पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या. पुढच्या वर्षीही पायी वारी झाली नाही. आम्ही पनवेलात घरी बसून होतो. चाळीस वर्षे लोकांना नियम सांगितलेला माणूस. पहिले पंधरा दिवस हरिपाठ वेळेवर झाला. मग साताचे आठ झाले. मग एक दिवस बातम्या बघताबघता राहूनच गेला. मग वाटले, उद्या दोनदा म्हणू. दुसरा दिवसही तसाच गेला. टाळ नाही, मृदंग नाही, समोर माणसे नाहीत, तर आमच्या तोंडून हरिपाठ निघेना! तेव्हा कळले की इतकी वर्षे आमचा नियम गर्दीने उचलून धरला होता, आम्ही त्याला खांदा दिला होता असे नव्हे.

आमच्या आळीत एक आजी राहतात. भाजी विकून त्यांनी संसार केला. अक्षरओळख बेताची, हरिपाठ मात्र मुखोद्गत. त्या काळात त्यांचा धंदाही बसला होता. पण संध्याकाळी सात वाजले की खिडकीत बसून त्या एकट्या हरिपाठ म्हणत. आवाज फाटका, चाल कधी चढे कधी उतरे, पण एक संध्याकाळ चुकली नाही. एकदा आम्ही गॅलरीत उभे होतो. त्यांनी हरिपाठ संपवला, नमस्कार केला आणि सहज विचारले, "बुवा, तुमचा झाला का हरिपाठ?"

आम्ही "हो" म्हणालो. वाचकहो, ते खोटे होते. आयुष्यात पुष्कळ शास्त्र वाचले, पण त्या एका 'हो' ने जितके शिकवले तितके कोणत्याच टीकेने शिकवले नाही. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता गॅलरीत जाऊन उभे राहिलो आणि म्हटले, "आजी, काल झाला नव्हता. आज तुमच्याबरोबर म्हणतो." त्या रागावल्या नाहीत, आश्चर्यही दाखवले नाही. "म्हणा की," एवढेच बोलल्या आणि टाळी सुरू केली.

आज त्या तरुणाला आम्ही जे सांगणार आहोत, ते या आजींनी आम्हाला शिकवलेले आहे.

आचरणाच्या काही गोष्टी

पहिली गोष्ट, नियम एकच घ्यावा आणि लहान घ्यावा. सहा गोष्टी सोडण्यापेक्षा एक गोष्ट धरावी. आजारातही, प्रवासातही, पाळी बदलली तरी जो निभेल असा असावा. तुळशीला पाणी, हरिपाठाचे पाठांतर, झोपण्यापूर्वी एक माळ जप, यांतील काहीही चालेल.

दुसरी, तो कोणाला सांगू नये. घरच्यांना आपोआप दिसेल तेवढे पुरे.

तिसरी, देहाला झीज लागेल असे व्रत जाणत्यास विचारल्यावाचून करू नये. ज्याला कारखान्यात आठ तास यंत्रापुढे उभे राहायचे आहे, त्याने निर्जळी एकादशीचा हट्ट धरू नये. फराळ करून एकादशी होते. आणि मन दिवसेंदिवस खचत असेल, झोप जात असेल, तर वैद्याकडे, डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. तेही देवाचेच घर आहे.

चौथी, राग आला की दोन पळे हाताला काम द्यावे. पाण्याचा तांब्या भरावा, चपला ओळीत लावाव्यात, काहीही. बोलायचे ते त्यानंतर बोलावे. एक मात्र ध्यानात ठेवावे. सूड सोडणे म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. पगार बुडविला, अपमान नित्याचा झाला, तर शांतपणे, चार जणांना बरोबर घेऊन दाद मागावी. तितिक्षा असलेल्यालाच ते नीट करता येते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, नियम मोडला तर त्याच दिवशी कबूल करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरू करावे. दुप्पट करून भरपाई करण्याच्या फंदात पडू नये. आमचे तेथेच बिनसले होते.

उपसंहार

हे लिहून झाल्यावर, चैत्रात, आम्ही त्या गावी मुद्दाम गेलो. मुलाचा शोध घेतला. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल होते. माघातल्या आमच्या घाईबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली, तर तो बिचारा संकोचून गेला. मग ओट्यावर बसून वरच्या साऱ्या गोष्टी बोललो. त्याने रोज कामावरून आल्यावर, घरात कोणाशी बोलण्याआधी, तुळशीला पाणी घालण्याचा नियम घेतला. धाकटा भाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

महिन्याने त्याचा फोन आला. म्हणाला, "बुवा, अकरा दिवस झाला. बाराव्या दिवशी मोडला. साहेबाशी वाजलं होतं, तसाच घरात शिरलो आणि आईवर ओरडलो."

"मग?"

"मग बाहेर आलो आणि पाणी घातलं. उशिरा घातलं. चालेल का?"

आम्ही म्हटलं, "चालेल बाबा. आईला जाऊन सांगितलंस का?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आता जातो," आणि फोन ठेवला.

धार अशीच लागते. पांडुरंग त्या लेकराला आणि आपणा सर्वांना पुन्हा पहिल्या दाण्यावर येण्याची बुद्धी देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना करून ही वाक्सेवा पुरी करतो.

॥ राम कृष्ण हरि ॥